३ एमबीचं चित्र, ६४ एमबीची जागा

(दृश्य: फोल्डरमधली एक फाइल. कर्सर तिच्या आकारावर थांबतो.)

४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचं हे टेक्स्चर, म्हणजे मॉडेलच्या पृष्ठभागावर चढवायचं चित्र, जेपेग फाइल म्हणून डिस्कवर जेमतेम ३ एमबी भरतं. थ्री-डी सॉफ्टवेअरमध्ये ते मॉडेलवर चढवलं, की ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीतली ६४ एमबी जागा अडते. वर्कस्टेशनवर काम करणाऱ्याला हा हिशेब तोंडपाठ हवा, कारण सीन अडखळू लागला की त्याचं मूळ पुष्कळदा इथेच सापडतं.

एका पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन चॅनल. प्रत्येकाला ८ बिट, म्हणजे १ बाइट. चौथा चॅनल अल्फा, पारदर्शकतेचा. झाले ४ बाइट. ४०९६ गुणिले ४०९६ गुणिले ४ म्हणजे ६,७१,०८,८६४ बाइट. १०२४ने दोनदा भागा, ६४ येतात. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील टाकून देतं, म्हणून फाइल लहान. पण ग्राफिक्स प्रोसेसरला टेक्स्चरमधला कुठलाही पिक्सेल कुठल्याही क्षणी लागतो, त्यामुळे जेपेग आधी पूर्ण उलगडावं लागतं. त्यावर मिपमॅप, म्हणजे दूरच्या पृष्ठभागांसाठी निम्म्या-निम्म्या मापाच्या प्रती, आणखी एक तृतीयांश जागा घेतात. बेरीज सुमारे ८५ एमबी. अशी १०० टेक्स्चर झाली, की ८ जीबीचं कार्ड भरलं. उरलेला डेटा मुख्य रॅममधून ये-जा करू लागतो आणि वेग कोसळतो.

अशा वेळी दूरच्या वस्तूंना २०४८चं टेक्स्चर द्या, जागा एक चतुर्थांशावर येते. किंवा बीसी७सारखं, कार्डाला थेट वाचता येणारं कॉम्प्रेशन वापरा. त्यात एका पिक्सेलला १ बाइटच लागतो.

(दृश्य: काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा ग्रेडियंट, ३८४० पिक्सेल रुंद.)

हा ग्रेडियंट जवळून पाहा. उभे पट्टे दिसतात. मॉनिटर बिघडलेला नाही. ८ बिटांत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६च छटा मांडता येतात. ३८४०ला २५६ने भागलं की १५, म्हणजे प्रत्येक छटेचा १५ पिक्सेल रुंद पट्टा. याला बँडिंग म्हणतात. १० बिटांत १०२४ छटा मिळतात आणि पट्टा ४ पिक्सेलांहून अरुंद होतो. मात्र फाइल, सॉफ्टवेअर, ड्रायव्हर, मॉनिटर यांतलं काहीही एक ८ बिटांवर अडलं, तर पट्टे परत येऊ शकतात. ८ बिटांतच काम उरकायचं असेल तर डिदरिंग चालू करा. किंचित नॉइज मिसळल्यानं पट्ट्यांच्या कडा विरतात.

पडद्यावर जाणारं चित्र ज्या मेमरीत तयार होतं ती फ्रेमबफर. ती दुहेरी ठेवतात: एक दाखवायची, दुसरीत पुढची फ्रेम रंगवायची. ६० हर्ट्झच्या पडद्यावर त्यासाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. पडदा वाचला जात असतानाच बफर बदलली, तर चित्र मधेच चिरल्यासारखं दिसतं. व्ही-सिंक ही अदलाबदल दोन फ्रेमच्या मधल्या वेळेत करवतं.

(दृश्य: इमारतीचं मॉडेल. कॅमेरा हलताच भिंतीवरची पाटी लुकलुकते.)

ही लुकलुक म्हणजे झेड-फायटिंग. कोणता पृष्ठभाग पुढे आणि कोणता मागे, हे ठरवायला प्रत्येक पिक्सेलची खोली झेड-बफरमध्ये लिहिलेली असते. नेहमीच्या पर्स्पेक्टिव्ह पद्धतीत या खोलीच्या आकड्यांची वाटणी फार विषम असते. नियर क्लिपिंग प्लेन, म्हणजे कॅमेऱ्याच्या ज्या अंतरापासून पुढचंच रंगवलं जातं ती सीमा, १ मिलिमीटरवर ठेवला, तर जवळजवळ निम्मे आकडे २ मिलिमीटरच्या आतच खर्ची पडतात. दूरच्या भिंतीला आणि पाटीला मग एकच आकडा मिळतो, म्हणून कधी ही पुढे दिसते, कधी ती. दूरची सीमा, म्हणजे 'फार' (far) क्लिपिंग प्लेन, अलीकडे ओढून विशेष फरक पडत नाही. नियर प्लेन १० सेंटिमीटरवर न्या, दूरची अचूकता सुमारे १०० पटींनी वाढते. आमच्या मते नवीन सीन उघडल्यावर सगळ्यात आधी तपासायची सेटिंग हीच.

डेटाच्या बाजूला गोंधळ बिट आणि बाइटचा. नेटवर्कचा वेग बिटांत सांगतात, फाइल बाइटमध्ये मोजतात. १ गिगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला फार तर १२५ एमबी जातात. १० जीबीच्या फाइलला किमान ८० सेकंद धरा.

(दृश्य: टेबलमधला एक रकाना. "आले" या अक्षरांपुढे प्रश्नचिन्ह असलेला काळा चौकोन.)

यूटीएफ-८मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटच्या रूपात साठवण्याच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि मात्राही वेगळी मोजली जाते. "आलेख" या शब्दात आ, ल, एकाराची मात्रा आणि ख अशी चार चिन्हं, म्हणून १२ बाइट. रकाना १० बाइटांचा असेल आणि प्रोग्रामनं मजकूर बाइट मोजून कापला, तर "आले" ९ बाइटांत बसतं आणि "ख"चा पहिलाच बाइट शिल्लक राहतो. त्याचं अक्षर होत नाही, म्हणून हे प्रश्नचिन्ह. आयात करण्यापूर्वी रकान्याची लांबी अक्षरांत धरली आहे की बाइटमध्ये, हे पाहून घ्या. बाइटमध्ये असेल तर चिन्हांच्या तिप्पट जागा ठेवा.