झिलई धरेपर्यंत

[दृश्य : पॅनमधले बुडबुडे, अगदी जवळून]

हे बुडबुडे नीट बघा. आत्ता बारीक आहेत, पटापट फुटताहेत. म्हणजे सॉसेजवर चढणाऱ्या या मधाच्या पाकात अजून पाणी आहे. पार्टीसाठी याहून सोपं खाणं सापडणं अवघड. चुकायला जागा थोड्याच, आणि त्यातली एक इथे आहे. पण आधी थोडं मागे जाऊ.

[दृश्य : पाट, सुरी, सॉसेज]

अर्धा किलो छोटे कॉकटेल सॉसेज. हे बहुतेक वेळा शिजवून, धुरी देऊनच येतात. कच्चे आणले असतील तर आधी आतपर्यंत शिजवून घ्या. डुकराच्या मांसाचे असतील तर आतलं तापमान ७१ अंश सेल्सिअस हवं, कोंबडीचे असतील तर ७४.

पुसून कोरडे करायचे. ओल्या सालीवरून पाक घसरतो. मग प्रत्येकावर दोन-तीन तिरक्या, उथळ चिरा. या चिरा शोभेसाठी नाहीत. तापल्यावर त्या उघडतात, कडा खरपूस होतात आणि पाक तिथेच जाऊन बसतो.

[दृश्य : पॅनमध्ये सॉसेज, चिरा उघडताना]

चमचाभर तेल, मध्यम आच, सात-आठ मिनिटं. मधूनमधून पॅन हलवत राहायचं. अजून मध नाही, साखर नाही. बहुतेकांची घाई इथेच नडते : सगळं एकदम ओततात, मग सॉसेजला रंग चढायच्या आत मध करपतो. मधातली फळसाखर साधारण ११० अंशांनाच तांबूस व्हायला लागते, साध्या साखरेला १६०च्या आसपास जावं लागतं. म्हणून मध शेवटी.

[दृश्य : वाटीत मिश्रण ढवळताना]

मोठे चमचे मोजा. मध ३, मोहरीची पेस्ट १, सोया सॉस १, व्हिनेगर १. मीठ नको, सॉसेजमध्ये आणि सोया सॉसमध्ये ते पुरेसं आहे. मोहरी तिखटपणा देतेच, शिवाय तेल आणि पाणी फुटू देत नाही. बाटलीतला तयार सॉस ओतूनही चालतं, नाही असं नाही. पण तो नुसता चिकटतो. असा चमकत नाही.

[दृश्य : मिश्रण पॅनमध्ये ओतलं जातं, पुन्हा बुडबुडे]

जास्तीचं तेल काढून टाकलंय. आता ओता.

बारीक बुडबुडे... थांबा... आता मोठे झाले, जड झाले, सावकाश फुटायला लागले. पाणी उडालं. चमचा तळावरून ओढा. मागे वाट उमटली आणि क्षणभर तशीच राहिली, की आच बंद.

पाक अजून पातळ वाटेल. वाटू दे. निवताना तो दाटतो. आचेवरच हवा तेवढा दाट करायला गेलात, तर ताटात दगड होतो. आमच्या पहिल्या खेपेला झाला होता. तो पॅन घासतानाचं चित्रीकरण मात्र कुणी केलं नाही.

[दृश्य : सॉसेज पाकात घोळवताना, उजेड त्यांच्यावरून सरकतो. इथे २० सेकंद निवेदन नाही.]

[दृश्य : ताट, टूथपिक, पुढे येणारे हात]

टूथपिक टोचा आणि गरम असतानाच द्या. दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका. लहान मुलांना उभे चिरून द्या, गोल तुकडा घशात अडकतो.

[दृश्य : हात. हसणं. रिकामं ताट, तळाशी पाकाचे थेंब.]