शर्टाच्या शिवणीत काय आहे?

दृश्य: दारव्हा तालुक्यातलं एक अंगण. कोपऱ्यात पऱ्हाटीचा ढीग, दोरीवर नवा निळा शर्ट.

हा शर्ट भाचीच्या लग्नासाठी घेतला, नागपूरच्या एका मोठ्या दुकानातून. घरी आणला तसा मायनं हातात घेतला, कापड चोळून पाहिलं, आमच्याकडं जन्मभर कापूस वेचलेली माणसं आहेत, कापड दिसलं की आधी धागाच पाहतात. आणि मग तिचं बोट आतल्या शिवणीवर थांबलं.

"हे काय होय रे बाबू? कडक लागते."

दृश्य: लेबल, अगदी जवळून, उन्हाकडं धरलेलं.

पाहा. दोन पापुद्र्यांच्या मधात नागमोडी चमकदार रेघ, आणि मधोमध एक काळा ठिपका, राळ्याच्या दाण्याहून बारीक. रेघ म्हणजे अँटेना, ठिपका म्हणजे चिप. याला आरएफआयडी टॅग म्हणतात. बॅटरी नसते यात. दुकानातला रीडर, म्हणजे टॅग वाचणारं यंत्र, रेडिओ लहरी सोडते, त्याच लहरींच्या ताकदीवर चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते, काही मीटरवरून, पिशवीत असली तरी. टोलनाक्यावरचा फास्टॅग असाच चालते.

बारकोड एका प्रकारच्या सगळ्या शर्टांवर सारखाच राहते. पण या चिपमधला नंबर फक्त या एका शर्टाचा. आणि बिल कार्डानं दिलं असलं तर हा नंबर आणि माणसाचं नाव दुकानाच्या कॉम्प्युटरात शेजारी शेजारी बसू शकते. मग तोच शर्ट घालून तुम्ही परत दुकानात शिरले, तर कोण आलं हे दारातच समजू शकते.

माल मोजायला टॅग लावला तर माझं काहीच म्हणणं नाही, हजारो नग हातानं मोजणं किती जिवावर येते हे दुकानात काम करणाऱ्या पोरांना विचारा. माझा राग बिल झाल्यानंतरचा आहे. काउंटरवर त्यांनी चोरीसाठीचा प्लास्टिकचा मोठा टॅग काढला, आम्हाला वाटलं झालं. शिवणीतल्या पट्टीबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही. पट्टीवर कात्रीचं बारकं चित्र आहे, बाजूला इंग्रजीत लिहिलंय की घालण्याआधी कापा. माझी माय इंग्रजी वाचत नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तर लोकांची माहिती घेण्याआधीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय द्या असं म्हटलंय, मराठी त्यात आहे, मग कपड्यातल्या चिपबद्दलचं एक वाक्य मराठीत छापायला काय जाते?

हा वाद काही आजचा नाही. २००३ मध्ये बेनेटन या इटलीच्या कंपनीच्या कपड्यांत अशा चिप बसवायचं ठरत होतं, ग्राहकांनी बहिष्काराची हाक दिली आणि कंपनी मागं सरली. २००४ मध्ये जर्मनीत मेट्रो नावाच्या कंपनीच्या दुकानाच्या ग्राहक-कार्डातच चिप सापडली, लोक रस्त्यावर आले, कार्ड परत घ्यावे लागले. आणि खरी गोष्ट ही आहे की उपाय चिपमध्येच आहे. 'किल' नावाची आज्ञा आहे, पासवर्ड देऊन एकदा दिली की चिप पुन्हा कधीच बोलत नाही. पण काउंटरवर ती द्यायला तर पाहिजे ना कोणी!

"मंग मोबाईलचं काय?" मायनं विचारलं.

बरोबर विचारलं. वायफाय चालू असलं की फोन सारखा आजूबाजूला हाका मारून राहिला असते, कोणतं नेटवर्क आहे का म्हणून, आणि पूर्वी प्रत्येक हाकेत फोनचा कायमचा नंबर जायचा, मॅक अॅड्रेस. २०१३ मध्ये लंडनला रस्त्यावरच्या कचऱ्याच्या डब्ब्यांत यंत्र बसवून जाणाऱ्यायेणाऱ्यांचे हे नंबर टिपले होते, बोंब झाल्यावर बंद केलं.

इथं मात्र ओपन सोर्सवाल्यांनी, म्हणजे आपल्या सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांसाठी उघडा ठेवणाऱ्यांनी, काम करून दाखवलं. लिनक्सवरच्या कॉम्प्युटरात वायफाय सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरनं २०१६ मध्ये शोधताना खोटा, बदलता नंबर देणं सुरू केलं. अँड्रॉइडमध्येही तशी सोय आली, पण २०१७ मध्ये अमेरिकेच्या नेव्हल अकॅडमीतल्या संशोधकांनी तपासलं तर बहुतेक अँड्रॉइड फोन ती वापरतच नव्हते. म्हणजे किलसारखंच, सोय आहे पण चालू नाही. २०१९ ला अँड्रॉइड १० आलं आणि वायफायला जोडतानाही बदललेला नंबर आपोआप जायला लागला, सेटिंगमध्ये जायची गरजच नाही. अँड्रॉइडवरूनच बनवलेली ग्राफीनओएस ही फोनची प्रणाली तर दरवेळी जोडताना नवा नंबर देते. आणि कोणी आपल्या बॅगेत ब्लूटूथ ट्रॅकर, म्हणजे वस्तू कुठं आहे हे सांगणारं बारकं यंत्र, टाकला का हे सांगणारं एअरगार्ड अॅप जर्मनीच्या डार्मश्टाट विद्यापीठातून आलं, त्याचा कोड उघडा आहे, कोणीही वाचून पाहावा.

शर्टातली चिप मात्र आपल्याला वाचता येत नाही. फोनमध्ये जवळची चिप वाचायची जी सोय असते, एनएफसी, ती १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालते, हा टॅग ८६५ च्या वर. घरबसल्या तो जिवंत आहे का मेला, हे पाहायची सोयच नाही आपल्या हातात. म्हणून बिल होताना तो समोर मारून दाखवावा, एवढंच मागणं आहे माझं.

दृश्य: कात्री. पट्टी कापली जाते, चमकदार रेघ मधातून तुटते.

माय उठली. पेटीतून बाबांची दिवाळीतली पँट काढली, कमरेची शिवण चाचपत गेली.

"हे पाय. इथंबी हाय."