एजंट नक्की कुणाचा?

आयोजकांनी मला विषय दिला होता, 'घर घेताना एजंटाशी कसं वागावं'. एजंट चांगला असेल तर त्याच्याशी कसं वागायचं हे सांगायला व्याख्याता लागत नाही. म्हणून मी विषय जरा आवळून घेतला आहे: एजंट मनासारखा निघाला नाही, तर काय करायचं?

तक्रारी ऐकायला बसलं की त्या ठरावीकच असतात. फोन उचलत नाही. सांगितलं एक, दाखवतो भलतंच. बजेट सांगितलं की हमखास त्याच्या वरची घरं काढतो. सारखी घाई करतो. मालकाशी बोलू देत नाही. आणि हे सगळं सांगून झालं की शेवटी, 'माणूसच बरोबर नाही हो!'

असेलही. पण माणसाच्या स्वभावावर घसरण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो बहुतेकांनी पहिल्या भेटीत विचारलेलाच नसतो. हा माणूस कुणाचा? त्याचे पैसे कोण देणार, आणि नेमके कशाबद्दल?

आपल्याला गाडीतून घरं दाखवत फिरवणारा, आपल्या मुलांची नावं लक्षात ठेवणारा माणूस आपलाच असणार, असं आपण धरून चालतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा, म्हणजे ग्राहकांची फसवणूक होऊ नये म्हणून नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, घरांच्या दलालीवरचा एक मोठा अहवाल १९८३ साली आला. त्या काळी तिथे खरेदीदाराला घर दाखवणारा एजंटही कायद्याने सहसा विक्रेत्याचाच प्रतिनिधी असे. पण खरेदीदारांना विचारलं, तर बहुतेक जण म्हणत होते, 'हा आमचा एजंट.' यातून काय घडत असेल बघा. 'नव्वदपासून सुरुवात करू, पण शंभरपर्यंत जायची आमची तयारी आहे,' असं खरेदीदार ज्याला विश्वासाने सांगत होता, त्याचं कर्तव्य ते विक्रेत्याच्या कानावर घालणं हे होतं. त्याने तसं केलं, तर त्याला बेइमान म्हणता येत नाही. तो त्याचं काम चोख करत होता. चूक झाली असेल तर ती गृहीत धरण्यात.

तेव्हा पहिल्या भेटीत सरळ विचारा: 'तुम्ही माझ्या बाजूने आहात, मालकाच्या, की दोघांच्या?' यात अपमान वाटण्यासारखं काही नाही. चांगला एजंट याचं उत्तर एका दमात देतो. जो 'अहो, आपण सगळे एकच' असं म्हणतो, त्याच्याबाबत मी सावध होईन. दोन्ही बाजूंनी असणं हे तर सगळ्यात अवघड प्रकरण. एकाला किंमत चढवून हवी, दुसऱ्याला उतरवून. दोघांचंही हित एकच माणूस मनापासून कसं बघणार? अमेरिकेतल्या कोलोरॅडो, फ्लोरिडासारख्या राज्यांत एका एजंटाने दोन्ही पक्षांचं पूर्ण प्रतिनिधित्व करायला परवानगी नाही. फार तर तटस्थ मध्यस्थ म्हणून तो व्यवहार घडवून आणू शकतो. तुम्ही राहता तिथे कायदा काहीही असो, एजंट दोन्हीकडून पैसे घेणार असेल, तर तुमचं कमाल बजेट त्याला सांगायचं नाही, एवढं तुमच्या हातात आहे.

आता पैशांकडे येऊ. इथे थोडा वेळ थांबणार आहे, कारण एजंटाचं निम्मंअधिक वागणं इथून कळतं.

समजा, घराची किंमत शंभर आहे आणि कमिशन दोन टक्के. सौदा झाला की त्याला दोन मिळणार. तुम्ही म्हणालात, घासाघीस करून पाच कमी करून द्या. त्याने दिले, तर तुमचे पाच वाचले आणि त्याच्या दोनातला शून्य पूर्णांक एक दशांश गेला. लोक इथे लगेच म्हणतात, 'बघा, म्हणूनच तो किंमत चढवतो!' मला ते पटत नाही. एक दशांशासाठी कुणी एवढा आटापिटा करत नाही. त्याला धास्ती असते ती उरलेल्या एक पूर्णांक नऊ दशांशाची. बोलणी ताणली आणि विक्रेता उठून गेला, तर एजंटाच्या हाती शून्य. तुमचं तसं होत नाही. तुमचे शंभर तुमच्याकडेच असतात, तुम्ही दुसरं घर बघता. म्हणून एजंटाचा ओढा महागात घेऊन देण्याकडे असण्यापेक्षा उरकून टाकण्याकडे जास्त असतो. भिंतीला ओल दिसली की 'रंग दिला की जाईल', कागदपत्रांत काही अडलं की 'ते होऊन जाईल', तुम्ही 'जरा विचार करतो' म्हणालात की 'विचार काय करायचा त्यात?' ही सगळी उरकण्याची भाषा आहे.

याला चांगला पुरावा आहे. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातले घरविक्रीचे जवळपास एक लाख व्यवहार तपासले. त्यांतली तीन हजारांहून जास्त घरं खुद्द एजंटांच्या मालकीची होती. २००८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की एजंटांची स्वतःची घरं बाजारात सरासरी साडेनऊ दिवस जास्त थांबली आणि बाकी सगळं सारखं धरलं तर सुमारे ३.७ टक्के जास्त किमतीला गेली. स्वतःच्या घरासाठी थांबायचं, गिऱ्हाइकाच्या घराचं मात्र 'आलेली किंमत चांगली आहे, देऊन टाका'. हा अभ्यास विकणाऱ्यांबद्दलचा आहे. पण विकणाऱ्याला 'देऊन टाका' म्हणणारा तोच माणूस घेणाऱ्याला 'घेऊन टाका' म्हणत असतो.

एजंटांच्या बाजूनेही एक गोष्ट बोलायला हवी. महिनोन्‌महिने फुकट फिरवून घेणारे, एकाच वेळी पाच जणांना कामाला लावून शेवटी सहाव्याकडून घर घेणारे खरेदीदार काही कमी नाहीत. फोन न उचलणाऱ्या एजंटाचा निम्मा कंटाळा आपणच तयार केलेला असतो.

आता मुद्द्याचं. नाखूश असण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. एक, एजंट ढिला आहे. उशीर करतो, विसरतो, नीट ऐकत नाही. दोन, एजंट खोटं बोलतो किंवा लपवतो. पहिला सुधारू शकतो, त्याला एक संधी द्यावी. दुसऱ्याला देऊ नये. एक खोटं पकडलं गेलं, तर न पकडलेली किती असतील याचा हिशेब तुम्ही कधीच करू शकत नाही, आणि घराच्या व्यवहारात असे अंदाज परवडत नाहीत.

ढिल्या एजंटाशी बोलताना आपण सहसा चिडून फोन करतो. तो गयावया करतो, आपण विरघळतो, पुन्हा तेच. त्यापेक्षा चार ओळींचा मेसेज लिहा. असा: 'शनिवारी दाखवलेली तिन्ही घरं वरच्या मजल्यांवरची, लिफ्ट नसलेली होती. आईला जिने चढता येत नाहीत हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. यापुढे तळमजला किंवा लिफ्ट नसेल तर घर दाखवू नका. मेसेजला त्याच दिवशी उत्तर मिळावं. दोन आठवडे असं जमतंय का बघू, मग पुढचं ठरवू.' यात 'तुमचं लक्षच नसतं' हे वाक्य नाही, हे लक्षात घ्या. काय झालं, काय हवं, कधीपर्यंत, एवढंच आहे. बरेच एजंट या मेसेजनंतर सरळ होतात. न झाले, तर तुमच्याकडे लेखी नोंद आहे, आणि ती पुढे उपयोगी पडते.

खोटं ओळखायचं कसं? नेहमीचा फोन घ्या. संध्याकाळची वेळ, आवाजात घाई: 'साहेब, आणखी एक पार्टी आलीय. उद्या सकाळपर्यंत हो म्हणा, नाहीतर गेलं समजा.' हे खरंही असू शकतं, गंमत तीच आहे. तेव्हा वाद घालू नका, दोन प्रश्न विचारा. त्यांनी लेखी प्रस्ताव दिला आहे का? तो मालकापर्यंत पोचला आहे का? खरी पार्टी असेल तर उत्तर लगेच येतं. नसेल तर 'आता ते बोलतायत', 'जवळजवळ ठरलंय', अशी सारवासारव सुरू होते. ब्रिटनमध्ये एजंटाने असा नसलेला प्रस्ताव आहे म्हणून सांगणं हे १९९१च्या एका आदेशाने अनिष्ट प्रथांच्या यादीत घातलं आहे. कायदा करावा लागला, म्हणजे प्रथा किती रुळलेली असेल!

दुसरी ठिणगी उडते किमतीवर. 'हे घर एवढ्याचं आहेच,' असं एजंट ठासून सांगतो, आणि बऱ्याचदा त्याला ते मनापासून वाटत असतं. ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार आवडतो. अमेरिकेतल्या टूसॉन शहरात त्यांनी व्यावसायिक एजंटांना एक घर प्रत्यक्ष दाखवलं आणि माहितीचा संच दिला. संच सगळ्यांना सारखाच, फक्त मालकाने मागितलेली किंमत वेगवेगळी. ज्यांना ती जास्त सांगितली होती, त्यांनी घराचं मूल्यही जास्त धरलं. विचारल्यावर मात्र बहुतेक एजंट म्हणाले, मागितलेल्या किमतीचा आम्ही विचारच केला नाही. म्हणजे जाणकारही पहिल्या आकड्याला चिकटतो आणि त्याला त्याचा पत्ता नसतो. यावर उपाय एकच, आसपास अलीकडे प्रत्यक्ष झालेल्या नोंदणीकृत व्यवहारांच्या किमती मागा. जाहिरातीतल्या किमती नकोत. त्या सगळ्या मागितलेल्या असतात, मिळालेल्या नसतात.

दोन गोष्टी भराभर सांगतो. वकील आणि घराची तपासणी करणारा माणूस स्वतः शोधा. एजंटाने सुचवलेला वाईटच असेल असं नाही, पण पुढचं कामही त्याला त्याच एजंटाकडून मिळायचं असतं. आणि टोकनची रक्कम एजंटाच्या वैयक्तिक खात्यात कधीही भरू नका. पावती कुणाच्या नावाची, सौदा फिसकटला तर रक्कम कधी आणि कशी परत, हे आधी कागदावर घ्या.

एवढं करूनही जमत नसेल, तर एजंट बदला. इथे लोक विचित्र भिडेला पडतात. 'त्याने एवढं फिरवलं, आता नाही कसं म्हणायचं?' अहो, त्याच्या पेट्रोलची भरपाई म्हणून तुम्ही आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी करणार का?

पण बदलण्याआधी तुम्ही सही केलेला कागद काढून वाचा. काही सही केलीच नसेल, तर मार्ग बहुधा मोकळा आहे. करार असेल तर तीन गोष्टी शोधा. मुदत किती आहे? तो एकट्याचाच हक्क देणारा आहे का, म्हणजे त्या काळात दुसऱ्याकडून घर घेतलं तरी याला पैसे द्यावे लागतील का? आणि करार संपल्यानंतर, त्याने दाखवलेलं घर तुम्ही अमुक महिन्यांच्या आत घेतलं तर त्याचं कमिशन लागू राहतं का? हे तिसरं कलम बहुतेकांच्या नजरेतून सुटतं आणि नंतर दोन-दोन एजंट दारात उभे राहतात. अमेरिकेत १७ ऑगस्ट २०२४ पासून, घरांच्या सामायिक यादीतून काम करणाऱ्या एजंटाला खरेदीदाराबरोबर घर बघायला जाण्याआधीच लेखी करार करावा लागतो आणि त्यात मोबदल्याचा स्पष्ट उल्लेख लागतो. पारदर्शकतेसाठी हे चांगलंच झालं. पण पहिलं घर बघायच्या घाईत सही करणारेही वाढणार, तेव्हा कराराची मुदत आठवड्यांत मागा, वर्षात नको.

एजंट मोठ्या फर्मचा असेल, तर आधी त्याच्या वरिष्ठांना भेटा. 'मला करार मोडायचा नाही, माणूस बदलून द्या,' ही मागणी त्यांनाही सोयीची असते. गिऱ्हाईक फर्मकडेच राहतं. प्रकरण खोटेपणाचं असेल, तर जिथे नोंदणी किंवा परवाना असतो तिथे लेखी तक्रार करता येते. भारतात २०१६च्या स्थावर संपदा कायद्याने, नोंदणीकृत प्रकल्पांतली विक्री करणाऱ्या एजंटांना नोंदणी बंधनकारक केली आणि तक्रारीसाठी राज्याराज्यांत प्राधिकरणं आली. ब्रिटनमध्ये घरविक्री करणाऱ्या एजंटांना तक्रार निवारण योजनेचं सभासद असावं लागतं. तक्रार करताना रागाचं पान लिहू नका. तारीख, काय सांगितलं, प्रत्यक्ष काय निघालं, आणि सोबत मघाचे ते मेसेज.

मागच्या रांगेतून एक चिठ्ठी आली आहे: 'एजंट नको झालाय, पण त्याने दाखवलेलं घर हवंय. थेट मालकाकडे गेलो तर?'

हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. त्याला डावलून गुपचूप जाऊ नका. घर त्याने दाखवलं, तर त्याचा मोबदल्याचा हक्क बऱ्याच ठिकाणी उभा राहतो, आणि मालकाचाही त्याच्याशी करार असू शकतो. तेव्हा आपण चतुराई केली असं वाटतं आणि सौदा कोर्टाच्या पायरीवर जातो. त्यापेक्षा उघड बोला. त्याला सांगा, घर दाखवल्याचा तुमचा मोबदला मान्य आहे, पण किमतीची बोलणी मी आणि माझा वकील करणार, आणि त्या हिशेबाने कमिशन कमी करा. काही एजंट नाही म्हणतील. पण उरकायची घाई ज्याला असते, तो इथे सहसा तयार होतो. तयार झाला, की कमी केलेला आकडा मालकाशी बोलायला बसण्याआधी त्याच्याकडून लिहून घ्या.