डबल एक्सेल घेऊ नका, कळी घाला

(गर्भवती महिलांच्या एका वर्गात ब्लाऊज-ड्रेस शिवणाऱ्या एका ताईंनी दिलेलं व्याख्यान, थोडं नीटनेटकं करून)

नमस्कार. बसा बसा, उठू नका कोणी, आणि खुर्ची टोचत असेल तर पाठीशी उशी घ्या, मागे ठेवल्यात. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. मी डोंबिवलीत बावीस वर्षं शिवणकाम करते. पोट सातव्या महिन्यात कुठे असतं आणि नवव्यात कुठे येतं ते टेपने मोजून मोजून मला पाठ झालंय, तेवढंच माझं शिक्षण.

तुमच्यातल्या किती जणींनी मोठा साइझ घेतलाय? हात वर करा. बघा, जवळजवळ सगळ्याच! एम घालणारी पोरगी दुकानात जाते आणि डबल एक्सेल उचलते, कारण पोट मावतं. पण त्या कुर्त्याचा खांदा दंडावर येतो, गळा घसरतो, ब्रा-ची पट्टी दिसते, बाही कोपराच्या खाली लोंबते आणि आरशात बघितलं की आपणच म्हणतो, मी किती अवाढव्य दिसतेय. अगं, तू नाही, तो खांदा अवाढव्य दिसतोय! छाती भरते, बरगड्यांचा घेर पण थोडा वाढतो, ते खरंय, पण खांद्याचं हाड काही रुंद होत नाही. म्हणून खांदा आणि मुंढा तुमच्या नेहमीच्या मापाचा ठेवायचा, छातीला एखादा इंच सोडायचा आणि जी काय जागा पाहिजे ती छातीच्या खालून सुरू करायची.

आता ह्या निळ्या ड्रेसवाल्या ताई जरा पुढे या. बाजूने उभ्या राहा. दिसलं का सगळ्यांना? मागचा काठ गुडघ्याखाली आहे आणि पुढचा गुडघ्याच्या वर उचलला गेलाय. शिलाई चुकलेली नाहीये, कापड पोटावरून वळसा घालून खाली येतं म्हणून पुढे कमी पडतं. टेलरकडे गेलात की तो सवयीने पाठीवरून उंची घेतो, त्याला सांगायचं, दादा, पुढची उंची वेगळी घ्या, खांद्यापासून छातीवरून, पोटाच्या टोकावरून, सरळ खाली. आठव्या-नवव्या महिन्यात पुढे दोन-अडीच इंच जास्त लागतात, कोणाकोणाला तीन. एवढं एक केलं ना, की साधा दोनशे रुपयांच्या कापडाचा कुर्ता पण मापाचा दिसतो.

आणि नवीन शिवायलाच पाहिजे असं नाही हं, आहे तोच कुर्ता घ्या. दोन्ही बाजूंची शिवण छातीच्या खालपासून कटपर्यंत उसवा, आत दोन्हीकडे एक-एक लांब तिकोनी कळी घाला, खाली सहा-सात इंच रुंद, वर निमुळती. मॅचिंग कापड शोधत बसू नका, ते कधीच मॅच होत नाही, थोडं वेगळं दिसतं आणि सगळ्यांना कळतं की इथे ठिगळ आहे! त्यापेक्षा सरळ वेगळंच घाला. सुती काळ्या कुर्त्याला मी खणाची कळी घालते, उरलेल्या तुकड्याची गळ्याला बारीक पट्टी, की लोक विचारतात डिझायनर कुठला. बाळ झाल्यावर पाहिजे तर कळी काढून शिवण परत मारा, मी मारून देते.

लेगिंग्जचं पण तसंच, विकतच्या मॅटर्निटी लेगिंग्ज चांगल्या असतात पण महाग. जुन्या लेगिंग्जचा पुढचा इलास्टिकचा भाग अर्धगोल कापा आणि तिथे नवऱ्याच्या जुन्या टी-शर्टचा तुकडा लावा, होजिअरीचं कापड, पोटावर ताणतं पण आवळत नाही. नवऱ्याला विचारून घ्या, नाहीतर त्याचा आवडता निघतो, माझ्याकडे एकदा भांडण झालंय.

कापडाबद्दल एकच सांगते. ह्या दिवसांत अंगातलं रक्तच जवळपास 40 ते 50 टक्क्यांनी वाढलेलं असतं, त्यामुळे तुम्हाला गरम होतं हे नखरे नाहीत, खरंच होतं. मलमल, सुती, पातळ खादी घ्या. रेयॉन अंगावर छान पडतं, बाजारात कॉटन म्हणून खपवतात, पण घाम आला की पोटाला चिकटतं. बारीक प्रिंट घ्या, घामाचे डाग दिसत नाहीत. आणि जंपसूट नको गं बायांनो, दर तासाला बाथरूमला जायचं असतं, प्रत्येक वेळी अख्खा कपडा उतरवायचा का?

नोकरीवाल्या बऱ्याच जणी आहेत इथे. 2017 पासून पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे रजा आहे पण त्यातले बाळंतपणाआधी जास्तीत जास्त आठच घेता येतात, आणि बहुतेक जणी तेही घेत नाहीत, सगळी रजा बाळासाठी राखून ठेवतात, म्हणजे नववा लागेपर्यंत लोकल. तर लोकलमधली गोष्ट ऐका. माझी एक गिऱ्हाईक तंबूसारखा गाऊन घालून जायची, सासूबाई म्हणायच्या पोट दिसू देऊ नको, दृष्ट लागते. एक महिना तिला कोणी बसायला जागा दिली नाही! कळतच नव्हतं ना कोणाला, सगळ्यांना वाटायचं बाई जरा जाड आहे. मग मी तिला छातीखाली जोड दिलेला, तिथून चुण्या घातलेला कुर्ता शिवला, पोट गोल नीट दिसेल असा, आणि पहिल्याच दिवशी ठाण्याला एक आजी उठल्या. काकू, तुम्ही हसताय, पण काळा तीट कानामागे लावा की, पोट झाकून काय होणार आहे.

आता डोहाळजेवण. ह्याच्यावर मी जास्त बोलणार कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतात आणि पहिला गोंधळ माझाच. एका मुलीचं मी सहाव्या महिन्यात ब्लाऊजचं माप घेतलं, कार्यक्रम आठव्यात, ब्लाऊज तयार करून टांगून ठेवला आणि आदल्या रात्री घालून बघितला तर हुक लागेनात, दीड इंचाची फट. रात्री साडेअकराला उसवायला बसले, मार्जिन अर्ध्या इंचाची सोडलेली, काय उसवणार? शेवटी पाठीला नाड्या लावल्या. तेव्हापासून माझा नियम आहे, माप कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी, मार्जिन दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच आणि हुक पुढे. पुढे का, तर तोच ब्लाऊज बाळाला पाजताना चालतो, बारशाला परत घालता येतो.

साडी हिरवीच पाहिजे ना, मग पैठणीच कशाला? माझ्या डोहाळजेवणाला मे महिन्यात सासूबाईंची पैठणी नेसवली, वरून मोगऱ्याचे दागिने, फुलांची वाडी, झोपाळ्यावर बसवलं, फोटो काढेपर्यंत मला घेरी आली. हिरवी इरकल घ्या, हलकी पडते, पदर लाल असतोच, फोटोत उठून दिसतो. आणि लक्षात ठेवा, पोटाच्या घेरातच बरंच कापड जातं, त्यामुळे निऱ्या कमी येतात नाहीतर पदर आखूड होतो, आधी एकदा नेसून बघा. निऱ्या जमिनीपासून दोन बोटं वर, कारण पाय आता तुम्हाला दिसत नाहीयेत. पोटापाशी पिन नको. चुडा भरताना एक माप मोठा भरा, दोन-चार घालत असाल तर दोन-सहा, हात सुजलेले असतात, काच जोर करून चढवली तर फुटते आणि लागते. पण चेहरा आणि हात एकदम सुजले, सोबत डोकं दुखतंय, डोळ्यापुढे काजवे, तर बांगडीचा विचार सोडा, त्याच दिवशी डॉक्टर.

परकर. हा मी आणलाय दाखवायला. नाडी करकचून बांधायची आपली जुनी सवय. 2024 मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन बायकांची केस छापली होती, वर्षानुवर्षं नाडी काचून कमरेला जखम आणि तिथेच त्वचेचा कॅन्सर. त्या म्हाताऱ्या बायका होत्या, आयुष्यभराचं काचणं होतं, नऊ महिन्यांत असं काही होत नाही, घाबरू नका. पण ताणलेल्या कातडीवर रोज एकाच रेघेत दोरी कशाला? हा बघा, सहा कळ्यांचा सुती परकर आहे, नेफा काढून टाकलाय, वर पाच इंची होजिअरीचा पट्टा लावलाय, पोटाच्या खाली पण बसतो, वरून पण ओढता येतो. साडी ह्यात खोचली तर सुटत नाही, मी परवा एकीला नेसवून जिने चढायला लावले. तो फिशकटवाला लायक्राचा मात्र नको, मांड्या बांधल्यासारख्या होतात, पाऊल टाकता येत नाही.

चपला संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय सुजलेला असतो. बंदवाल्या नकोत, वाकणार कोण? कोल्हापुरी मला आवडते पण चामड्याचा तळवा ओल्या फरशीवर घसरतो, खाली रबर मारून घ्या, चांभार मारून देतो.

हा परकर फिरवते, हात लावून बघा. ज्यांनी कुर्ते आणलेत त्यांनी टेबलाकडे या, उसवायला मी कात्री आणलीये, पण आवडता कुर्ता पहिला नको काढू कोणी, आधी माझा हात बसू दे.