लॅक्स्टनचे बांध

मंडळी, बांध कोरणं म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगायला नको. दर साली नांगर चार बोटं पलीकडे सरकवायचा आणि पाच वर्षांनी शेजाऱ्यालाच विचारायचं, बांध इथेच होता ना रे? या कलेत इंग्रज शेतकरीही मागे नाही. नॉटिंगहॅमशरमध्ये, रॉबिन हूडच्या शेरवूड जंगलापासून जवळच, लॅक्स्टन नावाचं लहानसं खेडं आहे. तिथे जादा नांगरणाऱ्याला दंड करायला शेतकऱ्यांचंच कोर्ट आजही भरतं.

एके काळी मध्य इंग्लंडातली पुष्कळ गावं अशीच होती. गावाभोवती तीन मोठी मोकळी रानं, आत कुंपण नाही, आणि प्रत्येक रानात ज्याच्या त्याच्या लांबट पट्ट्या विखुरलेल्या. एका रानात गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड. पुढच्या साली पाळी बदलायची. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत संसदेने कायद्यामागून कायदे करून ही रानं मोडली, कुंपणं घातली, गोरगरिबांची चराई गेली. लॅक्स्टन तेवढं राहिलं. कुणाच्या दूरदृष्टीमुळे म्हणाल, तर तसं काही नाही. गावात दोन बडे जमीनदार होते, अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो, आणि दोघांचं एकमत होईना!

या गावाचा १६३५ सालचा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. मार्क पिअर्सने तो काढला. एकेक पट्टी आखलेली, आणि मधे मधे नांगरणारी, कापणी करणारी चिमुकली माणसं. तो काढवून घेणारा गावचा मालक म्हणजे लंडनचा व्यापारी सर विल्यम कोर्टेन. त्याच १६३५ मध्ये त्याच्या व्यापारी मंडळाला राजाकडून पूर्वेच्या व्यापाराची परवानगी मिळाली, आणि पुढच्या वर्षी त्यांची जहाजं गोव्याला लागली. ईस्ट इंडिया कंपनीचा किती जळफळाट झाला असेल!

आता कोर्टाकडे येऊ. त्याचं नाव कोर्ट लीट. गव्हाची पेरणी उरकली की नोव्हेंबरअखेरीच्या गारठ्यात पंच शिवारात उतरतात. बूट चिखलाने जड झालेले, हातात खुंट्या. पट्टीची कड, रस्ता, आणि ज्याला ते साइक म्हणतात तो गवताचा सामाईक तुकडा, हे सगळं डोळ्यांनी तपासायचं. कुणी रस्त्यात किंवा गवतात नांगर घातला असेल, तर खरी हद्द धरून खुंटी ठोकायची. या गवताला किंमत आहे, त्याचा लिलाव होतो. म्हणून त्यात घुसणं म्हणजे गावाच्या खिशात हात घालणं. आठवड्याभराने डव्हकोट इन नावाच्या पबमध्ये कोर्ट बसतं. दंड किरकोळच असतो. पण चारचौघांत नाव पुकारलं जातं, आणि माझ्या मते खरी शिक्षा तीच.

मालक बदलत गेले. १९५२ मध्ये सरकारच्या शेती खात्याने गाव विकत घेतलं, १९८१ मध्ये ते राजघराण्याच्या क्राउन इस्टेटकडे गेलं, आणि २०२० मध्ये थोर्स्बी इस्टेटकडे, म्हणजे मॅनव्हर्सांच्या जुन्या जहागिरीकडेच परत. कोर्ट मात्र भरतच राहिलं.

आणि पंच तरी कोण? त्याच रानात पट्ट्या कसणारे शेतकरी. पुढच्या सालचे पंच त्याच बैठकीत शपथ घेतात. त्यांच्यात यंदा ज्याच्या पट्टीत खुंटी बसली, तोही असू शकतो.