एका फळीवरचं स्टेशन

[दृश्य: टिळकवाडीतलं रेल्वे गेट. दोन्ही बाजूंना दुचाक्या, रिक्षा, शाळेची मुलं.]

बेळगावच्या टिळकवाडीत पत्तेसुद्धा रेल्वे गेटांवरून सांगतात. पहिल्या गेटच्या अलीकडे, दुसऱ्या गेटच्या पलीकडे, तिसऱ्या गेटजवळ. गेट पडलं की बहुतेकांची नजर घड्याळाकडे जाते. त्याच गर्दीत एखाद्याची मान मात्र रुळांकडे वळलेली असते. इंजिन कुठलं, डबे किती, गाडी मिरजेकडे निघाली की लोंढ्याकडे, हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. हा माहितीपट त्या माणसासाठी आहे. त्याच्या घरात, भिंतीला लावलेल्या एका फळीवर, खरीखुरी चालणारी रेल्वे उभी राहू शकते.

[दृश्य: टेबलावर एक डबा. बाजूला स्टीलची फूटपट्टी.]

आधी प्रमाण ठरवायचं. जगभर सगळ्यांत जास्त चालतं ते एचओ, म्हणजे १:८७. खऱ्या गाडीचे ८७ मिलिमीटर इथे एक मिलिमीटर होतात. त्याहून लहान एन, १:१६०. एचओच्या दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर असतं, एनचं ९ मिलिमीटर.

आकडे हातात घेऊन बघू. आपला निळा आयसीएफ, म्हणजे जुन्या बनावटीचा, डबा बफर धरून सव्वाबावीस मीटरच्या आसपास लांब. एचओमध्ये तो साधारण २५६ मिलिमीटर, एनमध्ये १३९. नवीन बनावटीचा एलएचबी डबा २४ मीटरचा, एचओमध्ये २७६. आता अशा २२ डब्यांची पूर्ण गाडी मांडायची म्हटली तर नुसते डबेच सहा मीटर होतात! एवढी लांब खोली फार थोड्या घरांत असते. म्हणून मॉडेल करणारे लोक गाडी आखूड करतात. एक इंजिन आणि तीन-चार डबे. डोळा ते लगेच मान्य करतो, फक्त फलाटही त्याच मापानं आखूड हवा.

दुकानातला सुरुवातीचा संच बहुधा लंबगोल रुळाचा असतो. इंजिन, दोन-तीन डबे, कंट्रोलर आणि गोल फिरणारा रूळ. पहिल्या संध्याकाळी सगळं घर भोवती जमतं. पुढच्या आठवड्यात गाडी नुसती गरगर फिरते आणि महिन्याभरात खोकं माळ्यावर जातं. मुलाला खेळणं म्हणून द्यायचं असेल तर संच उत्तम. छंद म्हणून धरायचा असेल तर आमचं सांगणं वेगळं आहे. गोल सोडा, स्टेशन धरा. तेही आपल्या ओळखीचं, लहान, गावाकडचं स्टेशन.

[दृश्य: धावत्या गाडीच्या खिडकीतून मागे जाणारी स्टेशनं. पिवळे फलक.]

बेळगाव सोडलं की देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी आणि मग लोंढा. उत्तरेला पाच्छापूर, गोकाक रोड, घटप्रभा, पुढे रायबाग, कुडची, कृष्णेच्या पुलापलीकडे उगार खुर्द. सदर्न मराठा रेल्वेनं १८८०च्या दशकात हा मार्ग घातला, मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला, आणि एकेरी. शंभर वर्षांहून जास्त काळ त्यावर मीटरगेजच धावली. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज, म्हणजे रुंद मार्ग, झालं. आता दुहेरी रूळ आहेत, डोक्यावर विजेच्या तारा आहेत.

मॉडेलसाठी मात्र जुना एकेरी मार्ग म्हणजे खाणच आहे. एकेरी मार्गावर समोरून येणारी गाडी मधल्या स्टेशनात थांबवून घ्यावी लागते. ‘क्रॉसिंगला गाडी थांबलीय’ हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक प्रवाशानं ऐकलेलं आहे. एक गाडी लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर घ्यायची, सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा जोड, बदलायचा, सिग्नल पाडायचा, दुसरीला वाट द्यायची. हे सगळं फळीवर करता येतं. आणि यातच खेळ आहे, कारण इथे प्रत्येक गाडीला काहीतरी काम असतं.

त्या काळी पुढच्या स्टेशनपर्यंतचा मार्ग मोकळा आहे याचा पुरावा म्हणून ड्रायव्हरच्या हातात टोकन पडायचं. मोठी रिंग, तिला चामडी पाकीट, पाकिटात धातूचा गोळा. तो गोळा हातात नसेल तर गाडी हलत नसे. घरी हाच नियम लावा. उद्यमबागेतल्या वर्कशॉपला सामान पुरवणाऱ्या कुठल्याही दुकानात पितळी वॉशर मिळतो. दोघं जण खेळताना ज्याच्याकडे वॉशर, त्याचीच गाडी सुटणार. दहा वर्षांचं पोर आणि सत्तर वर्षांचे आजोबा या एका वॉशरवरून तासभर रमतात. वाद झाला तर स्टेशनमास्तरचा शब्द शेवटचा!

[दृश्य: प्लायची शीट करवतीनं कापली जाते आहे.]

जागा किती लागेल? आठ बाय चार फुटांच्या प्लायच्या शीटमधून उभ्या चिरल्या तर साधारण सोळा इंचांच्या तीन पट्ट्या निघतात. एक पट्टी आठ फूट, म्हणजे २४४० मिलिमीटर. एनमध्ये इंजिन आणि तीन डबे मिळून सव्वापाचशे मिलिमीटरच्या आसपास. लूप आणि दोन्ही टोकांचे सांधे धरून स्टेशन साडेआठशेत बसतं. उरलेल्या लांबीत दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण मीटर मिळतं, तिथे दोन्ही गाड्या आपापली पाळी येईपर्यंत उभ्या राहतात. झाडीचा किंवा टेकडीचा आडोसा केला की त्या दिसतही नाहीत. म्हणजे अख्खं क्रॉसिंग एका पट्टीवर.

एचओमध्ये तीच गाडी जवळपास एक मीटर होते, म्हणून दोन पट्ट्या लागतात. सोप्याच्या दोन भिंतींना धरून त्या काटकोनात जोडता येतात, पण कोपऱ्यातल्या वळणाची त्रिज्या सव्वाचारशे मिलिमीटरपेक्षा कमी ठेवू नका. लांब डबे आखूड वळणावर एकमेकांना घासतात. भारतीय इंजिनांचे आणि डब्यांचे तयार नमुने एचओमध्येच जास्त सापडतात, तेव्हा मन आपल्या गाड्यांवर असेल तर एचओ घ्या. जागा कमी असेल आणि नुसती रेल्वे चालवण्याची हौस असेल तर एन.

इथे एक गोष्ट कळली पाहिजे. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर रुंद. ८७ नं भागलं तर १९.३ मिलिमीटर येतात. बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजसाठी आहे. म्हणजे आपला ब्रॉडगेज डबा या रुळावर थोडा रुंद आणि चाकं थोडी आत गेलेली दिसतात. भारतात छंद करणारे बहुतेक लोक हे चालवून घेतात आणि तेच शहाणपणाचं आहे. पहिल्याच वर्षी रूळ हातानं घडवायला बसलात तर गाडी कधी धावायची? मीटरगेजचं गणित मात्र छान जुळतं. १००० भागिले ८७ म्हणजे साडेअकरा, आणि १२ मिलिमीटरचा रूळ बाजारात मिळतो. वायपी वाफेचं इंजिन किंवा वायडीएम-४ डिझेल ज्यांनी या मार्गावर पाहिलं आहे, त्यांनी हा रस्ता जरूर धरावा. तयार इंजिन मिळणं अवघड, बरंचसं स्वतः बनवावं लागेल, पण तो काळ पुन्हा उभा करण्याचा दुसरा मार्ग नाही.

काळ ठरवला की बाकीच्या गोष्टी आपोआप ठरतात. डोक्यावर विजेच्या तारा लावल्या की मीटरगेज इंजिन शोभत नाही. फलकावर ‘बेळगावी’ लिहिलं की साल २०१४च्या नोव्हेंबरनंतरचंच, कारण शहराचं नाव अधिकृतपणे तेव्हा बदललं. फलक पिवळा, अक्षरं काळी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन ओळी.

[दृश्य: दोन तारा रुळाला टेकवल्या जातात. इंजिन हलतं.]

विजेला घाबरू नका. साध्या पद्धतीत रुळांना जास्तीत जास्त १२ व्होल्ट डीसी जातं. एक रूळ धन, दुसरा ऋण. चाकांमधून वीज मोटरला मिळते. व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो, ध्रुव उलटे केले की गाडी उलटी जाते. बस्स, एवढंच. डीसीसी नावाची दुसरी पद्धत आहे. तिच्यात रुळात वीज कायम असते आणि प्रत्येक इंजिनातली चिप स्वतःचा हुकूम ओळखते, त्यामुळे एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळ्या वेगानं चालतात. सुरुवात साध्या डीसीनं करा. इंजिन घेताना मात्र त्याला पुढे चिप बसवता येईल का, हे विचारून घ्या.

रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या जॉइनरवर सगळी भिस्त ठेवू नका. ते वर्षभरात सैल होतात. दर मीटरभर अंतरावर फळीखालून बारीक तार आणून रुळाला डाख द्या. आणि पैशांचं सांगायचं तर, चांगला आयात संच पाच आकडी किमतीत जातो. तेवढ्या पैशांत डबे कमी घ्या, पण इंजिन एकच आणि चांगलं घ्या. सगळ्या चाकांतून वीज घेणारं, जड, हळू चालणारं. सांध्यावरच्या छोट्याशा प्लॅस्टिकच्या तुकड्यावरून हळू जाताना हलकं इंजिन अडकतं आणि पाहुण्यांसमोर बोटानं ढकलावं लागतं.

[दृश्य: चाळणी, लाल माती, लोहचुंबक. अगदी जवळून.]

आता हाताला माती लागू द्या. दिवाळीत अंगणात किल्ला केलेल्या बेळगावकराला हे काम शिकवावं लागत नाही. पोतं, माती, दगड, मोहरीची हिरवळ, मावळे. तोच हात इथे हवा, फक्त पाण्याला रुळाजवळ येऊ द्यायचं नाही.

खऱ्या रुळाखालची खडी साधारण ६५ मिलिमीटरची असते. १:८७ मध्ये तिचा एक खडा पाऊण मिलिमीटर! क्रशरची पूड आणा, चहाच्या गाळणीनं चाळा, गाळणीत राहील ते टाका. खाली पडलेलं सपीटाच्या चाळणीवर घ्या आणि यावेळी वर राहील ते ठेवा. ही तुमची खडी.

मातीसाठी खानापूरच्या वाटेवर थांबा. ही जांभ्याची लाल माती दुसऱ्या कुठल्या रंगानं येत नाही, आणि तिच्याशिवाय गुंजीचं स्टेशन गुंजीचं वाटणारच नाही. पण ही माती लोहानं भरलेली आहे. धुऊन, वाळवून, तव्यावर भाजून घेतली की कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक तिच्यावरून फिरवा. कागदाला बारीक काळी मिशी फुटल्यासारखे कण चिकटतील. ते झटका आणि पुन्हा फिरवा, कण यायचे थांबेपर्यंत. इंजिनाच्या मोटरमध्येही चुंबक आहे, आणि हे कण एकदा आत गेले की मोटर रखडत रखडत संपते.

खडी पसरायची तर जुन्या मऊ ब्रशनं. स्लीपरच्या, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांच्या, वर एकही खडा राहता कामा नये. मग पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाकून हलकेच फवारा मारा. फेविकॉलमध्ये तितकंच पाणी घालून ड्रॉपरनं रुळांच्या मधोमध सोडा. साबणामुळे डिंक खड्यांवर गोळा न होता आत झिरपतो. सांध्याच्या हलणाऱ्या पात्यांजवळ थेंबही नको. रात्रभर वाळलं की दुधाळ रंग जातो आणि खडी दगडासारखी बसते.

स्टेशनची इमारत बनवायला नकाशा लागत नाही. फलाटावरून समोरून फोटो काढा. दार साधारण २.१ मीटर उंच, म्हणजे एचओमध्ये २४ मिलिमीटर. त्या मापानं बाकीचं सगळं मोजता येतं. मोजायला रुळात उतरू नका, जे काय घ्यायचं ते फलाटावरून घ्या. कौलं जाड कागदाच्या पट्ट्यांची, प्रत्येक कौल जेमतेम पाच मिलिमीटरचं. जुने डबे-इंजिनं जवळून पाहायची असतील तर हुबळीचं रेल्वे संग्रहालय २०२०पासून उघडं आहे. पुण्याला गेलात तर कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय चुकवू नका. असंख्य सांधे, सिग्नल, पूल एकाच टेबलावर एकत्र चालताना कसे दिसतात, हे तिथेच कळतं.

[दृश्य: कॅसलरॉक. धुक्यातून चढणारी मालगाडी, मागे ढकलणारी इंजिनं.]

आणि घाट? दूधसागर पाहिलेल्या प्रत्येकाला पहिल्याच वर्षी घाट करायचा असतो. कुळे ते कॅसलरॉक हा चढ १:३७, ३७ मीटरला एक मीटर. खऱ्या गाड्यांनाही मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. मॉडेलमध्येही इंजिनाला झेपणारी सोयीची मर्यादा साधारण इतकीच. एचओमध्ये एका रुळावरून दुसरा न्यायचा तर पाऊणशे मिलिमीटर उंची लागते, म्हणजे १:३७ नं चढायला पावणेतीन मीटर, आणि उतरायला पुन्हा तेवढेच. सोळा इंची फळीवर ते बसत नाही. घाटाचा मोह दुसऱ्या टप्प्यासाठी राखून ठेवा, मागच्या भिंतीवर सह्याद्री रंगवा.

पावसाळा मात्र थांबत नाही. जून ते सप्टेंबर खानापूर-बेळगावच्या हवेत प्लाय फुगतो, रुळांवर काळा थर चढतो. प्लाय पाण्याला टिकणारा घ्या, कापलेल्या कडा आणि खालची बाजूसुद्धा रंगवा. रूळ निकेल सिल्व्हरचे घ्या, लोखंडी स्वस्त रूळ पहिल्याच पावसात गंजतात. गाडी चालवायच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेलं सुती फडकं रुळांवरून फिरवा. सँडपेपर कधीच नको. ओरखड्यांत घाण आणखी बसते.

[दृश्य: दोन फळ्या शेजारी ठेवून क्लॅम्पनं आवळल्या जातात.]

एकदा तुमची फळी चालू लागली की गल्लीत दुसरा कोणीतरी निघतोच. त्याच्याशी सुरुवातीलाच तीन मापं ठरवून घ्या. जमिनीपासून रुळाची उंची, फळीच्या पुढच्या कडेपासून रुळाचं अंतर, आणि टोकांना कोणती तार कुठल्या रुळाची. ही तीन जुळली की तुमचं देसूर, त्याचं खानापूर आणि निपाणीच्या मित्राचं लोंढा सुट्टीच्या दिवशी एखाद्या माडीवर ओळीनं लावता येतात, दोन क्लॅम्प आणि दोन तारांत. दर स्टेशनाला एक मास्तर, दर दोन स्टेशनांमध्ये एक वॉशर, आणि लोंढ्याहून निघालेली गाडी तीन घरांच्या फळ्या ओलांडून देसूरला पोचते.