हेल्मेटमधला आवाज

[दृश्य: हेल्मेटच्या मागच्या बाजूला चिकटवलेली हिरवी टिकली, अगदी जवळून.]

ही टिकली शोभेची नाही. हे हेल्मेट घालणाऱ्याच्या कानाशी स्पीकर आहे, एवढंच ती सांगते. अमेरिकेच्या एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये १९९४ पासून कोच क्वार्टरबॅकशी, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूशी, सामना चालू असताना थेट बोलू शकतात. पुढची चाल कोणती, ते त्याच्या कानात सांगतात. पण चाल सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले, की आवाज बंद. नियमच आहे तसा.

पुढचं सगळं त्याचं त्याला.

आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की पाय डोळ्यांसमोर येतात. इथे चेंडू हातात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना. जवळपास प्रत्येक चालीत चेंडू आधी क्वार्टरबॅककडे येतो, आणि तो कुणाकडे फेकायचा हे ठरवायला त्याच्याकडे तीनेक सेकंद असतात. तेवढ्यात सव्वाशे-दीडशे किलोची माणसं अंगावर येतात. त्या तीन सेकंदांत हात डगमगू नये म्हणून कोच आठवडाभर त्याच्याशी काय बोलतात, आणि काय बोलायचं टाळतात, त्याची ही गोष्ट. स्पीकर नव्हता त्या काळापासूनची.

[दृश्य: मैदानाची कड. जुनं, थोडं धूसर चित्रीकरण. दोन माणसं एकमेकांवर ओरडताहेत.]

एनएफएलचे संघ दर वर्षी कॉलेजातले नवे खेळाडू फेरीफेरीने निवडतात. १९७९ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने क्वार्टरबॅक फिल सिम्सला पहिल्याच फेरीत निवडलं, तेव्हा चाहत्यांनी हुर्यो उडवली. मोरहेड स्टेट? हे कुठलं कॉलेज? पुढची वर्षं बरीचशी दुखापतींत गेली. १९८३ मध्ये बिल पार्सेल्स मुख्य कोच झाले आणि त्यांनी सिम्सला बाजूला सारून स्कॉट ब्रनरला खेळवलं. सिम्स भडकला. मला दुसऱ्या संघात पाठवा, म्हणाला. मोसमाच्या मध्यावर एकदाची संधी मिळाली, तर त्याच सामन्यात अंगठा जायबंदी.

पुढे सिम्स संघात रुळला, पण दोघांचं भांडण काही थांबलं नाही. फक्त त्याची जात बदलली. टीव्हीचे कॅमेरे चालू असताना दोघं कडेला उभे राहून एकमेकांवर ओरडायचे. अरेला कारे. पार्सेल्सनी आवाज चढवला की सिम्सही चढवायचा, आणि पुढच्या चालीला मुकाट्याने मैदानात जायचा. बघणाऱ्याला वाटावं, आज हे एकमेकांची गचांडी धरणार. माझं मत विचाराल तर ही त्यांची बोलायची रीतच होती. घरात दोन तापट माणसं असली की जेवणाच्या ताटावरही आवाज चढतो, आणि वाढायचं काही थांबत नाही, तसं.

पण पार्सेल्सचं खरं कसब नोव्हेंबर १९८६ मध्ये दिसलं, आणि तेव्हा ते ओरडले नाहीत. जायंट्स जिंकत होते, पण सिम्सचे पास बिनसले होते, वर्तमानपत्रं त्याच्यावर तुटून पडली होती. तो जपून, भीत भीत खेळायला लागला होता. पार्सेल्सनी त्याला सांगितलं ते थोडक्यात असं: तू मोठा क्वार्टरबॅक आहेस, आणि बेधडक खेळलास म्हणून झालास. तसाच खेळ.

त्याच आठवड्यात, १६ नोव्हेंबरला, मिनेसोटाविरुद्ध सामना. शेवटचं दीडेक मिनिट. जायंट्स मागे. चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणि गाठायचेत १७ यार्ड. जपून खेळणारा माणूस इथे जवळचा पास टाकतो आणि हरतो. सिम्सने उजव्या कडेला बॉबी जॉन्सनकडे २२ यार्डांचा पास फेकला. मग राऊल अलेग्रेने लाथेने चेंडू खांबांमधून मारला आणि जायंट्स जिंकले. २२-२०.

दोन महिन्यांनी, पॅसाडिनात, सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, सिम्सने २५ पास टाकले. त्यातले २२ बरोबर आपल्या माणसाच्या हातात गेले.

[दृश्य: टेबलावर एक कागद. एकाखाली एक लिहिलेल्या चाली.]

त्याच १९७९ च्या निवडीत सॅन फ्रान्सिस्कोने जो मोंटाना घेतला, तिसऱ्या फेरीत, ८२ वा. अंगकाठी किरकोळ, हाताला फार जोर नाही, असा शेरा. कोच बिल वॉल्श यांनी त्याला पहिल्या वर्षी जवळजवळ झाकूनच ठेवलं. अख्ख्या मोसमात २३ पास. संघ १६ पैकी १४ सामने हरत होता, लोक नवा चेहरा मागत होते, वॉल्श ऐकेनात. बऱ्यापैकी सोपी वेळ बघून त्याला आत पाठवायचे आणि पुन्हा बाहेर घ्यायचे. पोहायला शिकवताना आधी पायऱ्यांशी उभं करतात ना, तसं.

वॉल्श यांची दुसरी सवय म्हणजे हा कागद. सामन्याच्या सुरुवातीच्या पंधरा-पंचवीस चाली ते आधीच ठरवून लिहून ठेवत. रात्री शांत डोक्याने केलेला विचार भर गर्दीतल्या विचारापेक्षा बरा, हे त्यांचं साधं गणित. क्वार्टरबॅकला पहिली चाल आदल्या दिवशीच ठाऊक असे. धीराचे चार शब्द बोलण्याऐवजी त्यांनी धीर कागदावर उतरवून हातात दिला. मला हा प्रकार भाषणांपेक्षा फार मोलाचा वाटतो.

न्यू इंग्लंडचे कोच बिल बेलिचिक आणि त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी यांचं सगळंच उलटं. १९९ व्या क्रमांकावर निवडलेला ब्रेडी पुढे लीगमधला सर्वांत मोठा खेळाडू झाला, तरी बेलिचिक त्याच्या चुकांची चित्रफीत भर बैठकीत सगळ्यांसमोर लावत. गावातल्या शाळेचा पोरगाही हा पास बरा टाकेल, अशा थाटाचं बोलणं. ब्रेडीला बोलतात म्हटल्यावर बाकीच्यांची काय टाप! वीस मोसम हे चाललं, सहा सुपर बोल आले. २०२० मध्ये ब्रेडी टॅम्पाच्या संघात गेला आणि पहिल्याच वर्षी तिथेही जिंकला.

[दृश्य: पिट्सबर्ग. काळं-पिवळं हेल्मेट. पाऊस.]

मग टेरी ब्रॅडशॉ. १९७० च्या निवडीत सगळ्यांत पहिला. लुइझियानाचा मोकळाढाकळा, बोलका, चटकन दुखावणारा मुलगा. त्याच्या वाट्याला आले कोच चक नोल: मोजकं बोलणारे, अलिप्त, कामापुरते. पहिल्या वर्षी ब्रॅडशॉचे गुण मिळवून देणारे पास, म्हणजे टचडाउन, फक्त ६, आणि २४ पास थेट विरोधकांच्या हातात. बाहेर लोक त्याच्या अकलेवर विनोद करत होते. आत कोच त्याला सगळ्यांदेखत झापत होते. १९७४ च्या सुरुवातीला तर नोलनी जो गिलियमला खेळवून त्याला बाकावर बसवलं.

गंमत अशी, की आपल्या चाली आपण ठरवायची मुभाही नोलनीच त्याला दिली. एवढा विश्वास फार थोडे कोच टाकतात. पण तो विश्वास कधी तोंडून आला नाही, आणि ब्रॅडशॉ हा ऐकण्यावर जगणारा माणूस. त्याला पाठीवर हात हवा होता. मिळाले चार सुपर बोल.

निकाल पाहिला तर नोल बरोबर ठरतात. ब्रॅडशॉ मात्र निवृत्तीनंतर कितीतरी वर्षं त्यांच्याबद्दल कडवट बोलत राहिला. २००३ मध्ये पिट्सबर्गमधल्या एका समारंभात त्याने नोल यांची जाहीर माफी मागितली.

जून २०१४ मध्ये नोल गेले. पिट्सबर्गच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये त्यांना निरोप द्यायला त्यांचे जुने खेळाडू जमले.

ब्रॅडशॉ आला नाही.

[दृश्य: चार चषक, एका रांगेत. आवाज नाही.]